चार महिन्यांची गाडी

सिंगापुरात हिवाळा नसतो. तरी मी तिथं बरीच वर्षं हिवाळी गाड्यांचा व्यवसाय केला, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडं बघतो आणि मग माझ्या नवऱ्याकडं. नवरा मान डोलावतो, तेव्हा कुठं विश्वास बसतो. बाईनं गॅरेजमध्ये काम केलं हे पटायला अजूनही एक पुरुष साक्षीदार लागतो. या अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता, "म्हणजे तुम्ही काउंटरवर बसत होतात ना?" काउंटरवर बसत होते. गरज पडली की गाडीखालीही जात होते.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्रेकची कामं करायचे. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि घरी परतायचं नाव काढायची नाही. पुढं लग्न झालं, नवऱ्याला तुआसच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही सिंगापुरात आलो. मुलं शाळेत जायला लागल्यावर मला घर खायला उठलं. बुकित बातोकमध्ये आमच्या फ्लॅटपासून चालत जाण्याच्या अंतरावर छोट्या कारखान्यांची वसाहत आहे, तिथं ओळीनं गॅरेजं. त्यातल्या एका गॅरेजच्या मालकाला, अंकल लिमना, हिशेब ठेवायला आणि भारतीय गिऱ्हाइकांशी बोलायला माणूस हवं होतं. मी गेले. पहिल्याच आठवड्यात एका गाडीचा ब्रेक कुरकुरत होता, तो शूचा नसून धुळीचा आवाज आहे असं मी म्हणाले आणि तसंच निघालं. अंकल लिमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "सिस्टर, यू सिट आउटसाइड. ऑफिस सो हॉट, लाह." तेव्हापासून माझी खुर्ची गाड्यांजवळ आली.

आता हिवाळी गाडी म्हणजे काय ते सांगते. सिंगापुरात गाडी विकत घेणं म्हणजे गाडी घेणं नव्हे, ती दहा वर्षं रस्त्यावर ठेवायचा हक्क घेणं. त्या हक्काच्या कागदाला सगळे सीओई म्हणतात आणि तो बऱ्याचदा गाडीपेक्षा महाग पडतो. दहा वर्षं झाली की पुन्हा तेवढे पैसे मोजा, नाही तर गाडी जमा करा. बहुतेक लोक जमा करतात. त्यामुळं नऊ-साडेनऊ वर्षांची गाडी म्हणजे अंगानं ठणठणीत आणि कागदानं मरणपंथाला लागलेली. अशी गाडी तिथल्या मानानं स्वस्तात मिळते. आणि नोव्हेंबर ते जानेवारी तिथं धो धो पाऊस लागतो, नेमके तेव्हाच आपल्याकडची थंडी चुकवायला पुण्या-मुंबईचे आईवडील मुलांकडं येतात. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले. मग हे आयटीवाले आमच्या दारात येऊन म्हणायचे, "काकू, एक चार-सहा महिन्यांची गाडी बघा ना." गाडी शोधायची, तपासायची आणि जितके महिने शिल्लक तितकीच नीट करायची, हे माझं काम.

'तितकीच' हा शब्द महत्त्वाचा. आमच्या धंद्यातलं सगळं शहाणपण त्या शब्दात आहे. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, वायपर यात तडजोड नाही, मग गाडी चार दिवसांची का असेना. तिथल्या उकाड्यात एसीतही नाही. बाकी पत्र्यावरचा ओरखडा, मुका रेडिओ, न उतरणारी मागची काच हे सगळं तसंच राहू द्यायचं. पण आपली माणसं ऐकतात होय. गाडी फेब्रुवारीत भंगारात जाणार आणि ऑक्टोबरात हे सीटला नवी कव्हरं घालायला सांगणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अंकल लिम कपाळाला हात लावून विचारायचे, "फोर मन्थ्स लेफ्ट, व्हाय पॉलिश?" मी त्यांना सांगायची, पाहुणे येणार आहेत. चिनी माणसाला हे कारण लगेच पटतं.

जुनी गाडी बघताना लोक इंजिन बघतात. मी आधी डिकीतलं कार्पेट उचलून जादा चाकाच्या खड्ड्यात हात घालते. तिथं पाणी लागलं तर गाडी कुठूनतरी गळते, आणि पावसाळ्यासाठी घेतलेली गाडी गळकी असेल तर तिच्यापेक्षा छत्री बरी. त्यानंतर नाक. नाकाचं महत्त्व मला कोथरूडच्या एका गृहस्थांनी शिकवलं. माझं न ऐकता त्यांनी एक चकाचक गाडी परस्पर घेतली. आधीचा मालक दुरियानचा व्यापारी होता. दुरियान म्हणजे फणसाचा भाऊ, पण वाया गेलेला. उन्हात वास झोपून राहायचा आणि पाऊस लागला की जागा व्हायचा. त्यांच्या सासूबाई रोज गाडीत बसल्या की विचारायच्या, "जावईबापू, पिशवीत काही राहिलंय का?" महिन्याभरानं गृहस्थ माझ्याकडं आले. आम्ही सीट काढून धुतल्या, कोळसा ठेवला, कॉफीची पूड ठेवली. शेवटी सासूबाईच परत गेल्या आणि प्रश्न मिटला.

आणि लिंबं. नवी गाडी बाहेर काढताना चाकाखाली लिंबू ठेवायचं हे आपल्या लोकांचं ठरलेलं. पहिल्यांदा मी चार लिंबं मांडली तेव्हा अंकल लिमनी काही विचारलं नाही, नुसतं बघत राहिले. त्यांच्या ऑफिसात कोपऱ्यात लाल देव्हारा होता आणि रोज उदबत्ती असायची, त्यामुळं देवाधर्माला त्यांची ना नव्हती. पुढं पुढं तेच शेजारच्या भातवाल्याकडून लिंबं आणून ठेवायला लागले. एकदा एका चिनी गिऱ्हाइकाच्या गाडीखालीही त्यांनी लिंबं ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, "नो हार्म, रोड ऑल सेम."

असे किस्से पुष्कळ आहेत. पण मला लिहायचं आहे ते परुळेकर चीफ आणि शैलाताईंबद्दल.

चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर, जहाजाच्या पोटात जी काही यंत्रं असतात त्या सगळ्यांचा धनी. परुळेकर मालवणजवळच्या एका वाडीतले. उमेदीची सगळी वर्षं जहाजावर गेली, शेवटची काही तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात. तीन मजली इंजिनं या माणसानं चालवली, पण गाडी चालवायला कधी शिकले नाहीत. गरजच पडली नाही. बायको, शैलाताई, सिंगापुरात मुलीला एकटीनं वाढवत होत्या. शाळा, दवाखाना, बाजार, विमानतळ, सगळं त्या स्वतः गाडी चालवून करायच्या. नवरा वर्षातून तीन-चार महिने पाहुण्यासारखा यायचा तेव्हा बहुतेक घरीच असायचा. मुलगी मोठी झाली, गाडीची दहा वर्षं भरली, तशी शैलाताईंनी ती जमा केली आणि बसनं आणि एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, फिरायला लागल्या.

मग चीफ समुद्रावरून कायमचे घरी आले. आता दोघांनी जरा फिरायचं म्हणून एका रविवारी पुलाउ उबीनला गेले. ते एक छोटं बेट आहे, होडीनं जायचं आणि भाड्याच्या सायकलीवर हिंडायचं. तिथं उतारावर शैलाताई सायकलवरून पडल्या. डावं मनगट मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण मनगट आखडून गेलं आणि मनात भीती बसली.

हे दोघं आमच्याकडं आले ते ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आधी. चीफ माझ्याशी दोन वाक्यं बोलून थेट एका उघड्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले. आमचा मेकॅनिक रोस्लान, मलाय माणूस, कुणावर चिडत नाही, त्यानं निमूट बाजूला होऊन त्यांना जागा दिली. शैलाताई माझ्याजवळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या. काय हवंय ते त्यांनीच सांगितलं.

"फेब्रुवारीत यांची नोकरी संपतेय. हे मालवणला जाणार. घर बांधून तयार आहे, पण रस्त्यापासून लांब, आत. तिथं पुतण्याची जुनी गाडी पडून आहे, गिअरची. मला ती चालवता आली तर मी जाणार. नाही तर मी इथं लेकीकडं राहणार."

"हे त्यांना सांगितलंत?"

"स्पष्ट सांगितलंय. दूध हवं म्हणून पुतण्याला हाक, देवळात जायचं म्हणून रिक्षावाल्याला फोन, हे माझ्यानं व्हायचं नाही. इतकी वर्षं मी कुणाला हाक मारली नाही हो. मारली असती तरी हे कुठं होते ऐकायला."

शेवटचं वाक्य त्यांनी हसत म्हटलं, पण मला ते लागलं. बाई खोटी धमकी देणाऱ्यातली नव्हती. म्हणजे प्रश्न गाडीचा नव्हताच. जन्मभर लांब राहिलेलं जोडपं म्हातारपणी एका घरात राहणार की नाही, हे एका आखडलेल्या मनगटावर अडलं होतं. आणि ते मनगट मोकळं करायला मला गिअरची, फेब्रुवारीपर्यंत कागद असलेली गाडी शोधायची होती.

सिंगापुरात गिअरची गाडी मिळणं अवघड, सगळे ऑटोमॅटिकवाले. पण अंकल लिमचे कान लांब. एका निवृत्त शिक्षकाची करड्या रंगाची छोटी जपानी गाडी त्यांनी हुडकली. मी डिकीत हात घातला, खड्डा कोरडा. वास घेतला, नुसता अमृतांजनसारख्या कसल्यातरी बामचा. कागद फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ब्रेक शू बदलले, दोन टायर बदलले, झाडांच्या पानांनी तुंबलेल्या पन्हाळी साफ केल्या, एसीचा गॅस भरला. चीफ रोज तुआसहून सुटले की गॅरेजमध्ये हजर. त्यांना सगळं इंजिन उतरवायचं होतं. जहाजावर तसंच असतं, बिघडो न बिघडो, वेळ झाली की उघडायचं. मी म्हणाले, "चीफ, ही सिंगापूर ते रॉटरडॅम जायची नाही. बुकित बातोक ते क्लेमेंटी जायची आहे."

"वहिनी, क्लेमेंटीक जाताना बंद पडली तरी बंदच ना?" ते म्हणाले. मी त्यांना प्लग साफ करायला दिले.

दसऱ्याला गाडी दिली. चाकांखाली लिंबं मांडली. शैलाताई चालकाच्या जागी, चीफ डावीकडं. गाडी लिंबांवर चढली आणि गचकन बंद पडली. आम्ही सगळे हसलो. शैलाताई हसल्या नाहीत.

त्यानंतर तक्रार सुरू झाली. गाडी गचके खाते. चीफ स्वतः येऊन सांगायचे, "दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना उडी मारते. क्लचचं काम आहे." रोस्लाननं ट्रायल मारली, लोण्यासारखी चालली. तरी आम्ही क्लचची प्लेट बदलली. पुन्हा तेच. इंजिनाची माउंटिंग बदलली. पुन्हा तेच. रोस्लान चालवतो तेव्हा गाडी शहाणी, शैलाताई चालवतात तेव्हा द्वाड. नोव्हेंबर सरत आला, पाऊस लागला. शैलाताई प्रत्येक वेळी आणखी गप्प होऊन यायच्या. एकदा डावा हात उजव्या हातात धरून म्हणाल्या, "राहू दे हो सुनंदाताई, मनगटच गेलंय माझं."

मला ते पटेना. मी त्यांना माझा हात दाबायला सांगितलं. चांगला जोर होता. गिअर टाकायला हातोड्याचा जोर लागत नाही. म्हणून मी अंकल लिमना सांगून एका रविवारी चीफ आणि शैलाताईंबरोबर गेले. रविवारी तुआसचे रस्ते रिकामे असतात, कारखाने बंद, लांबच लांब सरळ रस्ता. मी मागच्या सीटवर बसले.

गाडी सुरू झाली आणि चीफ म्हणाले, "फर्स्ट."

"फर्स्ट," शैलाताई म्हणाल्या.

"क्लच हळू."

"क्लच हळू."

"सेकंड." शैलाताईंनी गिअर टाकला, बोलल्या नाहीत. "सेकंड म्हटल्यावर सेकंड म्हणायचं गो. ऐकू आलं हे मला कसं कळणार?"

"सेकंड."

"उजवीकडे बस. बस. बस दिसली काय?"

"बस दिसली."

"थर्ड. क्लच पूर्ण. पूर्ण!" आणि गाडीनं उडी मारली.

मी मागं बसून ऐकत होते आणि माझा संताप संताप होत होता. जहाजावर ही रीतच आहे, हे मला नंतर नवऱ्यानं समजावलं. वरून हुकूम आला की खालच्या माणसानं तो मोठ्यानं परत म्हणायचा, नाही तर तो पोचलाच नाही असं धरतात. समुद्रावर त्यानं जीव वाचतात. पण क्लच सोडता सोडता जिला प्रत्येक शब्द परत म्हणावा लागतो, तिचा पाय आणि हात एकाच वेळी कसे चालणार? ज्या बाईनं इतकी वर्षं एकटीनं, मागं रडणारं मूल घेऊन, असल्याच पावसात गाडी चालवली, तिच्या शेजारी आयुष्यात पहिल्यांदा नवरा असा हुकूम सोडत बसला होता. आणि आम्ही क्लच प्लेट बदलत होतो. आमच्याकडं म्हणतात, दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला.

परत गॅरेजला आल्यावर चीफ म्हणाले, "आता गिअरबॉक्स उघडूया."

मी म्हणाले, "गिअरबॉक्स उघडणार नाही. दोष त्यात नाही."

"मग कशात?"

"डावीकडच्या सीटवर."

माझी जीभ कोल्हापूरची. जरा गूळ लावून सांगायला हवं होतं म्हणाल, तर गूळ लावला असता तर त्यांनी तो गिअरबॉक्सलाच लावला असता. चीफचा चेहरा लाल झाला. ते गाडीत जाऊन बसले. शैलाताईंनी माझ्याकडं बघितलं आणि गाडी सुरू केली. दरवाज्यातून बाहेर पडतानाच "फर्स्ट" ऐकू आलं.

मग ते आलेच नाहीत. कळलं ते असं की चीफनी गाडी दुसऱ्या गॅरेजला न्यायला लावली, तिथं गिअरबॉक्स उघडला, काही सापडलं नाही, पुन्हा बंद केला. यात डिसेंबर गेला. मला वाईट वाटत होतं. दिवस कमी होते आणि ते त्यांनी एका निर्दोष डब्यात घालवले. रोस्लान म्हणायचा, "ही विल कम, काक." तो मला काक म्हणायचा, म्हणजे मलायमध्ये ताई. मी म्हणायची, चीफ येतील, पण फेब्रुवारी त्यांच्या आधी येईल.

जानेवारीत एका दुपारी ते आले, गिअरबॉक्ससाठी नाही. वायपर नीट पुसत नव्हते आणि वायपर बदलणारं जवळचं गॅरेज आमचंच होतं. चीफ माझ्याशी बोलले नाहीत, रोस्लानशी बोलले. शैलाताई स्टुलावर बसल्या. मी हळूच विचारलं, "कसं चाललंय?"

"थर्डपर्यंत आलेय," त्या म्हणाल्या. "म्हणायला."

"आणि मालवण?"

"तिकिटं अजून काढली नाहीत त्यांनी. एक काढायचं की दोन, विचारायची हिंमत होत नाही त्यांची. मला सांगायची होत नाही."

वायपर घालून झाले. आमच्याकडं गाडी आत घेताना नाक भिंतीकडं असायचं, देताना मागं घेत बाहेर काढावी लागे. मी रोस्लानला सांगितलं, वळवून ठेव, तोंड रस्त्याकडं कर. पाऊस होता, शैलाताईंना मागं बघत काढायला नको, एवढंच माझ्या मनात होतं. पुढचं मला सुचलं होतं असं म्हणून मी श्रेय घेणार नाही. रोस्लाननं गाडी वळवली, इंजिन चालूच ठेवलं आणि उतरला. अंकल लिमनी नेहमीप्रमाणं चीफना कोपी दिली, दूध घातलेली गोड कॉफी, पिशवीत. चीफ पिशवीची गाठ सोडवत ऑफिसच्या दारात उभे. शैलाताई उठल्या, गाडीत बसल्या, पट्टा लावला.

चीफ कोपी घेऊन डावीकडच्या दाराशी गेले. दार उघडेना. त्यांनी पुन्हा ओढलं. मग काचेवर बोटानं टकटक केलं. आत शैलाताईंनी त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही. आपण झोपलेल्या माणसाकडं बघतो तसं, शांतपणे. मग समोर बघितलं, गिअर टाकला आणि गाडी निघाली. गचका नाही, उडी नाही. पावसात नवे वायपर फिरत होते. वळणावर दिवा लागला आणि गाडी दिसेनाशी झाली.

चीफ तिथंच भिजत उभे होते. हातात कोपीची पिशवी. मी त्यांना हाताला धरून आत आणलं.

"तुम्ही शिकवलंत तिला हे," ते म्हणाले.

"मी शिकवलं नाही. पण आधी सुचलं असतं तर नक्की शिकवलं असतं."

"टॅक्सी बोलवा," चीफ म्हणाले. अंकल लिम आतूनच म्हणाले, "रेन, व्हेअर गॉट टॅक्सी? सिट, चीफ, सिट." चीफनी फोन काढला. मी त्यांचा हात धरला. "ती गाडी चालवतेय. तुमचा फोन आला तर ती उचलेल. मग?" त्यांनी फोन मांडीवर ठेवला. गॅरेजच्या बाहेर एखादी गाडी गेली की त्यांची मान वर व्हायची. या माणसाचे कान इंजिनांनी घडवलेले, आवाजावरून त्यांना कळत होतं की ती गाडी आपली नाही, तरी मान वर व्हायचीच.

बराच वेळ असा गेला. मग ते आपणहून बोलायला लागले, माझ्याकडं न बघता.

"उबीनला मी पुढे होतो. सायकलीवर. उतार आला तसा मी सुटलो, मजा वाटली. मागे वळून ओरडून सांगायला हवं होतं, ब्रेक जपून. नाही सांगितलं. खाली पोचून बघतो तर ती रस्त्यात पडलेली. कधी पडली, किती वेळ पडली होती, काय माहीत नाही. हाक मारली असणार तिनं. मला ऐकू नाही आली." मग म्हणाले, "वहिनी, एक शब्द सांगितला असता तर."

तेव्हा मला त्या 'फर्स्ट, सेकंड'चा अर्थ कळला. मी त्याला हुकूम समजत होते, ती भीती होती. मला त्यांची फार दया आली आणि थोडी लाजही वाटली, कारण डावी सीट म्हणून मी दोष बरोबर ओळखला होता, पण त्याच्या आत हात घातला नव्हता. मी म्हणाले, "चीफ, तुम्ही नव्हता तेव्हा ती कधी पडली का?" त्यांनी मान हलवली. नाही म्हणून की माहीत नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

ती गाडी पुढं फेब्रुवारीत जमा झाली. मीच तिला शेवटची नेऊन पोचवली. चालती, बोलती, कोरड्या खड्ड्याची गाडी. अशा कितीतरी मी पोचवल्या आणि प्रत्येक वेळी वाटायचं, हिला अजून आठ-दहा वर्षं सहज काढता आली असती, आमच्या उद्यमनगरात तर वीस. या कामाची एवढीच एक सल मनात राहिली आहे. चांगल्या यंत्राला केवळ तारीख आली म्हणून निरोप देणं मला कधी जमलं नाही. पण त्या दुपारी गाडीचा विचार कुणाच्याच मनात नव्हता.

पाऊस ओसरला होता. रोस्लान हात धुऊन नमाजाला गेला. चीफची कोपी तशीच खिळ्याला लटकत होती. तेवढ्यात फोन वाजला. चीफनी घाईघाईनं उचलला, बोट कुठंतरी लागलं आणि शैलाताईंचा आवाज सगळ्या गॅरेजभर ऐकू आला.

"अहो, मी पोचले."

"खंय पोचलंस?"

"ईस्ट कोस्टला. समुद्राजवळ गाडी लावलीय."

ईस्ट कोस्ट म्हणजे बेटाचं दुसरं टोक. मधे सगळं शहर, एक्स्प्रेसवे, ट्रेलर, पाऊस. अंकल लिमना मराठी कळत नव्हतं, पण 'ईस्ट कोस्ट' कळलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"एक्स्प्रेसवेनं गेलंस?" चीफनी विचारलं.

"हो. टॉप गिअरमध्ये."

"पाऊस..."

"इकडं पाऊस नाही. ऊन पडलंय." पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. "मी इथंच काहीतरी खाऊन घेते. मग सावकाश येईन. तुम्ही थांबू नका, एमआरटीनं घरी जा."

"बरं," चीफ म्हणाले. त्यांना अजून काहीतरी विचारायचं होतं. 

"आणि ऐका," शैलाताई म्हणाल्या. "आजच तिकिटांचं बघा. दोन काढा."

फोन बंद झाला. चीफनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मी उगीचच पाने-पकडी आवरत बसले. थोड्या वेळानं ते उठले, पँट झटकली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ऑक्टोबरपासून इतक्या वेळा ते आमच्याकडं आले होते, पण एक तर यार्डाच्या बसनं, नाही तर शैलाताईंच्या शेजारी बसून.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "स्टेशन खंयच्या बाजूक?"